गच्चीवरचे अंगण

जबलपूरला बावन्न तळ्यांचे शहर म्हणत असत. आकड्याचा काटेकोर हिशेब कोणी मागू नये, परंतु तळी होती ही गोष्ट खरी. राणीताल, चेरीताल, अधारताल, फुटाताल, भंवरताल ही त्यांची नावे आज वस्त्यांना आणि चौकांना चिकटलेली आहेत. हनुमानतालात अजून पाणी आहे. राणीतालच्या पात्रात क्रीडासंकुल उभे राहिले आहे. भंवरतालच्या जागी बाग आहे, आणि तिच्यातील मौलश्रीच्या झाडाखाली १९५३ साली आपल्याला साक्षात्कार झाला असे आचार्य रजनीश सांगत असत. बागेचा आणि मैदानाचा हा वाटा सोडला, तर अनेक तळ्यांच्या नशिबी घरेच आली. तळ्याच्या काठी जी मोकळी जागा असते ती कोणाच्याच मालकीची नसते, म्हणून ती सर्वांची असते. मुले तेथे खेळतात, म्हातारी माणसे बसतात, बायका धुणे वाळत घालतात. तळे बुजले म्हणजे केवळ पाणी जात नाही. ही बसण्याउठण्याची जागाही जाते.

या शहराला वाढण्यास जागा नाही असे नकाशा पाहून कोणी म्हणणार नाही. पण नकाशावरील मोकळा रंग फसवा असतो. मोठा प्रदेश छावणीचा आहे. १९०४ सालची तोफगाडी निर्मितीची फॅक्टरी, खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी, १९६९ सालची वाहन फॅक्टरी आणि त्यांच्या वसाहती यांनी विस्तीर्ण जमीन व्यापली आहे. मदन महालच्या बाजूला काळ्या खडकांच्या टेकड्या आहेत. उरलेल्या जमिनीवर २०११ च्या जनगणनेनुसार उपनगरांसह सुमारे साडेबारा लाख माणसे राहत होती, आणि त्यानंतर ही संख्या वाढली आहे. परिणामी नवी वस्ती आधी बाहेर पसरली आणि मग वर चढू लागली.

शहराच्या जुन्या गाभ्याबाहेर वसलेल्या विजय नगरात हा क्रम सहज पाहता येतो. सरळ रस्ते, आखलेले भूखंड, पुढे लहानसे आवार आणि आवारात पेरूचे किंवा आंब्याचे झाड, अशी येथील आरंभीची घरे. कचनार सिटीतील शंकराची ७६ फूट उंच मूर्ती पाहण्यास बाहेरगावची माणसे येतात. तिच्या सभोवतालच्या मोकळ्या जागेत शेजारची कुटुंबे संध्याकाळी बसतात. हळूहळू एकेका भूखंडावर एका घराच्या जागी बारा किंवा सोळा सदनिकांची इमारत आली. पेरूचे झाड गेले. आवारात मोटारी आल्या. ज्या पट्टीत मुले लगोरी खेळत असत, ती आता वाहन मागे घेण्याची वाट आहे. मुलांना खेळू नका असे कोणी सांगितले नाही. त्यांना कोठे खेळावे हे सांगता येईनासे झाले, एवढेच.

अशा वेळी दृष्टी वर जाते. जेवढी जमीन इमारतीने झाकली, जवळजवळ तेवढीच जागा तिच्या माथ्यावर उघडी पडलेली असते. तिच्यावर ऊन आहे, वारा आहे, रात्री चांदणे आहे, आणि बहुतेक वेळा एक कुलूपही आहे. या जागेचा उपयोग लोकांच्या विरंगुळ्यासाठी कितपत होऊ शकतो, त्याच्या आड काय येते, आणि तो करताना कोणत्या चुका टाळाव्या लागतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शब्दांपासून आरंभ करू. जबलपूरच्या मराठी घरांत सर्रास 'छत' म्हणतात, ते हिंदीच्या सहवासाने. मराठीत छत म्हणजे खोलीत आडवे पडून वर पाहिले असता जे दिसते ते. त्याच्या पाठीवर जे चालता येते ती गच्ची. हिंदीला दोहोंसाठी एकच शब्द पुरतो. 'गच्ची' या शब्दाच्या मुळाशी 'गच' आहे, म्हणजे चुन्याचा कुटून घट्ट केलेला थर. चुन्याचा गच सपाट आणि अभेद्य झाला तेव्हाच घराच्या माथ्यावर वावरणे शक्य झाले. मराठवाडा आणि सोलापूरकडे त्याआधीपासून माळवद होते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर जाड मातीचा थर, उजेडासाठी ठेवलेले सवणे, आणि दरसाल पावसापूर्वी पांढऱ्या मातीची नवी साय. उन्हाळ्याच्या रात्री त्या माळवदावर अंथरुणे पडत. कुरडया, पापड, सांडगे यांचे वाळवण तेथेच होई, आणि शेजारणीशी बोलणे माळवदावरून माळवदावर चाले. म्हणजे छपरावरचा विरंगुळा ही पश्चिमेकडून आलेली नवी कल्पना नव्हे. ज्या प्रदेशात पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक, तेथे ती घराच्या बांधणीतच होती.

जबलपूरला पाऊस मात्र बेताचा नाही. वर्षाकाठी सव्वाशे सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक पडतो. येथील गच्ची त्यामुळे ऋतूंची वाटेकरीण आहे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत ती दुपारची: ऊन अंगावर घेत मटार सोलणारी, लोकर विणणारी. वैशाखात ती रात्रीची. सूर्य कलला की बादलीभर पाणी शिंपडावयाचे, पहिली वाफ निघून जाऊ द्यावयाची, दुसऱ्यांदा शिंपडावयाचे आणि मग सतरंज्या पसरावयाच्या. विजेचे पंखे सर्वांकडे आले, पुढे वातानुकूलन यंत्रेही आली, आणि ही रात्रीची वस्ती ओसरली. कोजागिरीला मात्र आटवलेल्या दुधाचे पातेले आजही वर चढते. नागपुरात संक्रांतीच्या सुमारास, आणि अहमदाबादेत उत्तरायणाच्या दिवशी तर अवघे शहरच, पतंगांसाठी छपरांवर राहावयास जाते. ज्या गोष्टीसाठी वर्षातून एक-दोन दिवस सर्वजण वर येतात, त्या गोष्टीसाठी उरलेले दिवस दार बंद का असावे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मुंबईच्या चाळीत हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकात गच्ची उघडी व्हावी म्हणून भाडेकरूंनी केलेल्या चळवळीचे एक प्रकरण आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची छटा त्याला असल्यामुळे वाचक हसतो. परंतु लहान खोलीत मोठे कुटुंब आणि माथ्यावर कुलूपबंद मोकळे आकाश, ही परिस्थिती विनोदासाठी कल्पिलेली नव्हती.

आता थोडे गणित. विजय नगरातील एखादी चार मजली इमारत घेऊ. समजा प्रत्येक मजल्यावर चार सदनिका, एका कुटुंबात सरासरी चार माणसे. म्हणजे १६ कुटुंबे आणि ६४ माणसे. गच्चीचे क्षेत्र ३४० चौरस मीटर धरले आणि त्यातून जिन्याची खोली, उद्वाहनाची यंत्रखोली, पाण्याच्या टाक्या यांची जागा वजा केली, तर सुमारे २५० चौरस मीटर उरतील. माणशी वाटा जवळजवळ चार चौरस मीटर. मुंबईत सर्व उद्याने आणि मैदाने मिळून माणशी सुमारे सव्वा चौरस मीटर मोकळी जागा वाट्यास येते असे सांगितले जाते. त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. आता तीच इमारत बारा मजली कल्पावी. गच्ची तेवढीच राहते, माणसे १९२ होतात, आणि वाटा माणशी सव्वा मीटरच्या आसपास येतो. चोवीस मजल्यांना तो त्याच्याही निम्मा होतो. म्हणजे छपराचा उपयोग उत्तुंग इमारतींत अधिक होतो हा समज उलटा आहे. तीन-चार मजल्यांची ठेंगणी वस्ती या बाबतीत खरी श्रीमंत. जबलपूर, नागपूर, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) यांसारख्या शहरांनी मुंबईकडे पाहून आपली मोकळी जागा हरवली आहे असे समजण्याआधी जिना चढून पाहावे.

परंतु जिना चढणाऱ्यांनी एक गोष्ट आधी जाणून घेतली पाहिजे. गच्ची ही जमीन नव्हे. ती कोणाच्या तरी घराचे छत आहे, आणि किती भार सोसावयाचा हे तिच्या जन्माच्या वेळीच ठरून गेलेले असते. इमारतींवरील भारासंबंधीच्या भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७ ची आवृत्ती) ज्या सपाट छपरावर जाण्याची सोय नाही त्यासाठी दर चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७५ किलोग्रॅम, आणि जेथे जाण्याची सोय आहे तेथे १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलोग्रॅम एवढा वापराचा भार धरला आहे. राहण्याच्या खोलीला तो २ किलोन्यूटन असतो. जेथे बांधीव आसने नसताना माणसे एकत्र जमतात अशा सभागृहाला तो ५ किलोन्यूटन धरावा लागतो. तात्पर्य असे की, चार माणसे शतपावली करतील, पाच-दहा मुले खेळतील, यासाठी सामान्य गच्ची पुरेशी आहे. नवरात्रात दोनशे माणसांनी तिच्यावर गरबा खेळण्यासाठी ती बांधलेली नाही. तालावर एकाच वेळी पडणारी पावले स्थिर उभ्या असलेल्या माणसांपेक्षा इमारतीला अधिक हादरा देतात.

बागेचेही तेच. हौशी माणूस गच्चीवर माती चढवितो आणि माती हलकी आहे अशा समजुतीत असतो. ओल्या मातीचा अवघा एक फूट थर दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलोग्रॅम होतो, म्हणजे मूळ हिशेबाच्या तिपटीहून अधिक. हजार लिटरची टाकी भरली की एक टन. म्हणून कुंड्या आणि वाफे खांबांच्या व तुळयांच्या माथ्यावर, कडेकडेने असावेत. मध्यभाग रिकामा राहावा. मातीऐवजी पालापाचोळा, उसाचे चिपाड आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून केलेले हलके माध्यम वापरण्याची पद्धत महाराष्ट्रात श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'तून पुष्कळांपर्यंत पोचली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास आरंभिलेली भाज्यांची व फळांची बाग याच विचारधारेतील. तेथे स्वयंपाकघरातील कचरा वरच जिरत असे. हे काम शेतीचे की विरंगुळ्याचे, असा वाद घालण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा हात मातीत घालणाऱ्या शहरी माणसाला तो फरक जाणवत नाही.

जबलपूरकरांना भाराची गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज पडू नये. २२ मे १९९७ च्या पहाटे या शहराला सुमारे ५.८ तीव्रतेचा भूकंप बसला आणि अनेकांचे प्राण गेले. तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवून केवळ खांबांवर उभ्या केलेल्या काही इमारतींना तेव्हा विशेष इजा झाली. अशा इमारतीच्या माथ्यावर जितके वजन, तितका हेलकावा मोठा. वरच्या मजल्यावर आणखी एक पक्की खोली, पत्र्याखाली व्यायामशाळा, संगमरवरी देऊळ, असे भर घालण्याचे प्रकार ज्या सहजतेने होतात ती पाहून आश्चर्य वाटते. स्थापत्यअभियंत्याला विचारण्याचा खर्च एका पत्र्याच्या शेडहून कमी असतो.

पाणी हा दुसरा अडथळा, आणि वस्तुतः गच्चीला कुलूप लावण्याचे बहुतेक वेळा तेच निमित्त असते. कोब्याला तडा गेला, पन्हळीच्या तोंडाशी कचरा अडकला, की सर्वांत वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या भिंतीला ओल येते. मग ते कुटुंब म्हणते की मुलांनी उड्या मारल्या म्हणून गळती झाली. आणि खालची कुटुंबे म्हणतात की गळती वरच्यांची, खर्च त्यांनी सोसावा. दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. माणसांच्या चालण्याने नीट केलेला कोबा फुटत नाही. तो उन्हाने प्रसरण पावून व रात्री आकसून फुटतो, आणि त्यात खुंट्या, खिळे, ॲन्टेनाचे खांब ठोकल्याने फुटतो. खर्चाविषयी बोलावयाचे तर महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्चीची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेच्या खर्चात मोडते. पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, जी गुजरातेत व मुंबईत जुनी आहे, येथे दुहेरी उपयोगी पडते. ती पाणी अडविते आणि ऊन परतविते, त्यामुळे खालची खोली निवते व वर संध्याकाळी लवकर पाय ठेवता येतो.

येथून मालकीचा प्रश्न निघतो. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० मध्ये सामायिक क्षेत्रांची जी यादी आहे तिच्यात पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती यांच्याबरोबर छपराचाही उल्लेख आहे. मध्य प्रदेशात यासाठी प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० आहे, आणि सामायिक भागांत प्रत्येक सदनिकाधारकाचा अविभक्त वाटा असावा हेच त्याचेही सूत्र आहे. असे असूनही 'टेरेस राइट्स' हे शब्द विक्रीच्या जाहिरातींत आणि गच्चीच्या किल्ल्या वरच्या मजल्यावरच्या खुंटीवर दिसतात. सर्वांच्या वाट्याची वस्तू कोणा एकाच्या ताब्यात जाते, ती बहुधा जबरदस्तीने नव्हे, तर बाकीच्यांच्या कंटाळ्याने.

कायद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण गच्चीचे कौतुक बांधकाम व्यावसायिकाला फार सोयीचे असते. वर बाग दिली, आता खाली कशाला, असे तो म्हणू लागतो. मुंबईत ही गोष्ट प्रत्यक्ष घडली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या २३ व्या नियमाप्रमाणे मोठ्या भूखंडांवर आकारमानानुसार १५, २० किंवा २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावयाची असे. वाहनतळाच्या मजल्यांवर, म्हणजे पोडियमच्या माथ्यावर, हिरवळ अंथरून ही जागा दिल्याचे दाखविण्यात येऊ लागले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बृहन्मुंबई महानगरपालिका आणि कोहिनूर सीटीएनएल यांच्यातील प्रकरणात निर्णय दिला की, नियमाने ठरविलेली ही किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे. हा निर्णय योग्य वाटतो. पोडियमवर वडाचे झाड वाढत नाही, तेथे पडलेला पाऊस भूगर्भात मुरत नाही, आणि म्हातारा माणूस व अपंग मूल उद्वाहन बंद पडले की तेथे पोचत नाही. गच्ची ही जमिनीच्या जागेवर दिलेली भरपाई नव्हे; ती जमिनीवर मिळालेली वरकड आहे.

जगात या वरकडीचा वापर कोणी कसा केला हे थोडक्यात पाहू. ल कॉर्ब्युझिए यांनी मार्से येथे १९५२ साली पूर्ण केलेल्या ३३७ सदनिकांच्या इमारतीच्या माथ्यावर धावण्याची वाट, लहान मुलांसाठी उथळ जलकुंड, बालशाळा आणि व्यायामशाळा ठेवली. इमारतीने जी जमीन घेतली ती छपरावर परत करावी अशी त्यांची भूमिका होती. त्या व्यायामशाळेची जागा पुढे खासगी मालकीत गेली, आणि २०१३ पासून तेथे कलादालन आहे. तोक्योत असाकुसा भागातील एका विभागीय भांडाराने १९३१ साली छपरावर मुलांची करमणूकनगरी थाटली होती. सिंगापुरात २००९ साली पूर्ण झालेल्या डक्स्टन येथील सार्वजनिक गृहप्रकल्पाचे सात मनोरे २६ व्या आणि ५० व्या मजल्यांवर उद्यानांनी जोडलेले आहेत. पहिले केवळ रहिवाशांसाठी, दुसरे शुल्क भरणाऱ्या मर्यादित पाहुण्यांसाठीही खुले. तेथेही किल्ली कोणाकडे हा प्रश्न सोडवूनच मग फुलझाडे लावली गेली, असे म्हणता येईल.

तथापि आपल्याकडचे सर्वांत जुने आणि सर्वांत दुर्लक्षित उदाहरण मुंबईतच आहे. मलबार हिलवरील हँगिंग गार्डन, ज्याला फिरोजशहा मेहतांचे नाव आहे, ते १८८१ साली एका जलाशयाच्या माथ्यावर रचले गेले. कित्येक पिढ्या तेथे फिरावयास गेल्या, हिरवळीवर बसल्या, आणि आपण एका छपरावर बसलो आहोत हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होते. २०२३ साली त्या जलाशयाच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव आला तेव्हा झाडे आणि बाग जाणार म्हणून नागरिकांनी विरोध केला, आणि छपरावरच्या बागेचे आयुष्य छपराच्या आयुष्याला बांधलेले असते हे प्रथमच अनेकांच्या ध्यानात आले.

धोक्यांपैकी आगीचा उल्लेख करणे भाग आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. उघड्या गच्चीवर आग सहसा माणसे मारीत नाही. तेथे ज्वालाग्राही मांडव घातला होता आणि बाहेर पडण्याच्या वाटा पुरेशा मोकळ्या नव्हत्या. खालच्या मजल्यावर आग लागली की धूर जिन्याने वर चढतो आणि माणसेही कधी कधी वरच धाव घेतात. अशा वेळी गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर काय होईल, हे सांगावयास नको. कठड्याची उंची निदान एक मीटर हवी, आणि त्याला लागून बाक किंवा कुंडी ठेवू नये. मोठ्यांना तो कठडा वाटतो, मुलांना ती पायरी.

अलीकडे गच्चीला एक नवा आणि सबळ दावेदार मिळाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेनंतर छपरांवर सौरपट्टिका वेगाने आल्या. एका किलोवॅटला साधारणपणे दहा चौरस मीटर जागा लागते. आपल्या कल्पित इमारतीने सामायिक दिव्यांसाठी व पंपासाठी दहा किलोवॅट बसविले तर २५० पैकी १०० चौरस मीटर गेले. पट्टिका डोक्याच्या वर, उंच सांगाड्यावर बसविल्या तर त्यांच्याखाली सावलीत बसता येते. सांगाडा महाग पडतो आणि वाऱ्याचा जोर लक्षात घेऊन बांधावा लागतो, म्हणून बहुतेक ठिकाणी त्या गुडघ्याएवढ्या उंचीवर पसरतात. त्याबरोबर जागा संपते.

विजय नगरातील माझ्या परिचयाच्या एका चार मजली इमारतीत गच्ची सात वर्षे बंद होती. कारण गळतीचे होते, पण गळती दुरुस्त झाल्यावरही कुलूप राहिले. मुले रस्त्यावर क्रिकेट खेळत. एका संध्याकाळी एक मुलगा चेंडूमागे धावताना दुचाकीखाली आला. पाय मोडला, पुढे बरा झाला. त्यानंतरच्या बैठकीत पुष्कळ बोलणे झाले. वरच्या मजल्यावरील आजोबांनी किल्ली द्यावयास नकार दिला नाही. त्यांना दुपारी झोप हवी होती, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि सात वर्षांत ते कोणी ऐकलेच नव्हते. शेवटी ठरले ते असे: थंडीत सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चार ते साडेसात, उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा. वर चेंडू नाही. दोरीच्या उड्या, कॅरम, बुद्धिबळ, सापशिडी चालेल. विजा चमकू लागल्या की सर्वांनी खाली यावयाचे. कपडे वाळविण्याच्या तारा पूर्वेच्या बाजूला. दर महिन्याला एका मजल्याने पन्हळी साफ करावयाच्या. दाराला कुलपाऐवजी आतून-बाहेरून उघडणारी कडी, लहान मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. चेंडूचा प्रश्न सुटला नाही, आणि मोठी मुले अजून रस्त्यावरच खेळतात. आजोबा संध्याकाळी स्वतःची खुर्ची घेऊन वर येतात आणि कॅरममध्ये कोणी लबाडी केली तर ओरडतात.